'तलवार'वरचा खलाशी आणि नंतरची पंचवीस वर्षे

१९४६ च्या फेब्रुवारीची २ तारीख. मुंबईत कुलाब्याला 'एच.एम.आय.एस. तलवार' नावाचा नौदलाचा तळ होता. नावावरून जहाज वाटते, पण हे जहाज नव्हे. बिनतारी संदेशांचे शिक्षण देणारी ती शाळा होती, बराकी, परेडचे मैदान आणि भोवती कुंपण. इंग्रजी नौदलाची रीतच अशी की जमिनीवरच्या तळालाही जहाजाचे नाव द्यायचे आणि फाटकाबाहेर पडणाऱ्याने 'किनाऱ्यावर जातो' असे सांगायचे. त्या दिवशी सरसेनापती 'तलवार'ची पाहणी करायला यायचे होते. चुना लावून झाला होता, पितळ घासून झाले होते. आणि सकाळी बघतात तर ज्या चौथऱ्यावर साहेबांनी सलामी घ्यायची त्याच्यावरच 'जय हिंद' आणि 'चले जाव' रंगवलेले!

हे काम करणारा पकडला गेला. बलाईचंद दत्त, बंगालमधला विशी नुकतीच ओलांडलेला तरुण, नौदलात टेलिग्राफिस्ट, नोकरीची पाच वर्षे होत आलेली. त्याच्या कपाटात सरकारला न रुचणारी पत्रके-पुस्तके सापडली. चौकशीत त्याने नाकबूल केले नाही, उलट आपल्याला राजकीय कैदी म्हणून वागवावे अशी मागणी केली. वीस-बावीस वर्षांच्या पोराने, तेही अंगावर इंग्रज राजाचा गणवेश असताना, असे म्हणणे म्हणजे काय, याची आज आपल्याला नीट कल्पना करता येणार नाही. लष्करी कायद्यात या गुन्ह्याला काय शिक्षा होऊ शकते हे त्याला ठाऊक होते.

सोळा दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, 'तलवार'वरच्या सुमारे अकराशे खलाशांनी अन्नावर आणि कामावर बहिष्कार घातला आणि पुढच्या पाच दिवसांत काय झाले ते शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात असते. 'नाविकांचे बंड, १९४६.' दोन मार्कांचा प्रश्न. मला या लेखात त्या पाच दिवसांपेक्षा त्याआधीच्या पाच वर्षांबद्दल आणि त्यानंतरच्या पुष्कळ वर्षांबद्दल लिहायचे आहे. बंड करणारा खलाशी हा त्याआधी महायुद्ध लढून आलेला खलाशी होता, आणि बंडानंतर तो घरी गेला. त्याच्या घरी जाण्याचे काय झाले ते फारसे कोणी लिहीत नाही.

आधी युद्ध. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव मिळून जेमतेम पाच वर्षे झाली होती. लहानमोठी आठ लढाऊ जहाजे आणि दीडदोन हजार माणसे, एवढाच सगळा पसारा. युद्ध संपताना हीच संख्या पंचवीस हजारांवर गेली होती. सैन्यात भरती करताना इंग्रज 'लढाऊ जमाती' शोधत असत, अमुक जिल्ह्यातला अमुक जातीचा गडी. पण बिनतारी यंत्र, रडार, सिग्नल हे काम करायला लिहितावाचता येणारी, थोडेफार इंग्रजी समजणारी मुले हवी होती. त्यामुळे नौदलात बंगाल, मद्रास, पंजाब, कोकण, सगळीकडची मॅट्रिकपर्यंत शिकलेली पोरे आली. इंग्रजांनी गरजेपोटी हे केले, पण त्याचा परिणाम त्यांच्या ध्यानात आला नाही. वर्तमानपत्र वाचणारा शिपाई हा जरा वेगळाच प्राणी असतो. आणि जगभरचे संदेश ज्याच्या कानावर सतत पडतात असा शिपाई तर आणखीच वेगळा.

या पोरांनी लढाई चांगली लढली. हे मुद्दाम सांगतो, कारण 'बंडखोर' म्हटले की कामचुकार असा एक अर्थ नकळत डोक्यात येतो. १९४० च्या जूनमध्येच 'पठाण' हे छोटे गस्ती जहाज बुडाले. १९४२ च्या एप्रिलमध्ये 'इंडस' हे जहाज ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर अक्याबला जपानी विमानांनी बुडवले. 'सतलज' आणि 'जमना' ही जहाजे १९४३ च्या जुलैमध्ये थेट सिसिलीच्या स्वारीत होती. १९४५ च्या आरंभी आराकानच्या किनाऱ्यावर, खाड्यांच्या आणि खारफुटीच्या त्या चिखलात, फौजा उतरवताना 'जमना' आणि 'नर्मदा' यांच्या तोफा पाठीशी होत्या. 'नर्मदा'चे सरकारी नाव इंग्रजी वळणाने 'नरबदा' असे लिहीत.

आणि 'बेंगाल'ची गोष्ट तर सांगायलाच हवी. ११ नोव्हेंबर १९४२. हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला 'बेंगाल' हे सुरुंग काढणारे लहानसे जहाज 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत चालले होते. समोरून दोन जपानी जहाजे आली, 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू'. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी, मोठ्या तोफा लावलेली. 'बेंगाल'कडे मोठी म्हणावी अशी तोफ एकच, तीही बारा पौंडी. कोणीही म्हणाले असते, पळा. 'बेंगाल'ने तेलवाहू जहाजाला निसटायला वेळ मिळावा म्हणून तोंड वळवले ते सरळ शत्रूवर. शेवटी 'होकोकू मारू' स्फोट होऊन बुडाले. गोळा नेमका कोणाचा लागला, 'बेंगाल'चा की 'ओंडिना'चा, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडोत बापडे. 'बेंगाल'वरचा अधिकारी इंग्रज होता, पण जहाजावरचे बहुसंख्य खलाशी हिंदी होते, आणि दोन्ही जहाजे तरंगत परत आली.

इथे आपल्या गोव्याचा धागा येतो. नौदलाच्या जहाजांवर ऑफिसरांचे जेवण रांधणारे कुक आणि त्यांच्या टेबलावर वाढणारे स्टुअर्ड यांत गोवेकरांचा भरणा फार मोठा होता. ही जुनी परंपरा. आपला तारवटी इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यान् पिढ्या जात होता. सासष्टी-बारदेशातल्या कितीतरी घरांवरची कौले त्या पैशाची आहेत. धोबी तलावच्या कुडीत गावच्या खाटेवर पडून बोटीची वाट बघायची, बोट लागली की वर्ष-दोन वर्षे जायचे, परत आले की पुन्हा कूड. आता गंमत बघा. पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ होता. म्हणजे मडगाव-म्हापशाचा हा माणूस कागदोपत्री तटस्थ देशाचा प्रजाजन, आणि बोटीवर मात्र जपानी पाणबुडीच्या टप्प्यात! पाणबुडी काही पासपोर्ट बघत नाही. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासाला निघालेली 'तिलावा' ही उतारूंची बोट जपानी पाणबुडीने बुडवली. ९५८ माणसे होती, त्यांतली २८० गेली. आफ्रिकेला निघालेले गोवेकरही त्या बोटीवर होते.

तारवटी आणि नौदलाचा खलाशी यांत एक फरक आहे आणि पुढच्या सगळ्या गोष्टीची ग्यानबाची मेख तिथेच आहे. तारवट्याजवळ 'नली' असायची, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रवासांच्या नोंदींचे पुस्तक. एका बोटीवरून उतरला की कप्तान शेरा मारणार, आणि तो दुसऱ्या बोटीवर चढणार. उतरणे हा त्याच्या धंद्याचाच भाग. नौदलाच्या खलाशाला उतरण्याचा कागद एकदाच मिळतो. मी सरकारी कचेरीत कागद हलवणारा माणूस आहे, म्हणून मला हे विशेष जाणवते. सेवेच्या अखेरीस एखादा साहेब जो शेरा लिहितो, त्या चार शब्दांवर माणसाचे उरलेले आयुष्य लटकलेले असते. निवृत्तिवेतन त्यावर, पुढची नोकरी त्यावर, गावातली पतही त्यावरच.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि एवढ्या वाढवलेल्या नौदलाचे करायचे काय असा प्रश्न उभा राहिला. उत्तर सोपे होते : निम्म्याहून अधिक माणसे घरी पाठवायची. पण घरी पाठवण्याचे कामही धड होईना. कोणाला कधी सोडणार याचा पत्ता नाही. पोरे बराकीत नुसती बसून. मुंबईतल्या तळांवर गर्दी, कामाचा पत्ता नाही, भातात खडे, डाळ म्हणजे पिवळे पाणी. सोबतच्या गोऱ्या खलाशाला पगार जास्त, जेवण वेगळे, वागणूक तर वेगळीच. भरतीच्या वेळी बढतीची, पगाराची, युद्धानंतरच्या नोकरीची आश्वासने दिलेली होती. पुढे चौकशी आयोगाने जी कारणे नोंदवली त्यांत खोटी आश्वासने देऊन केलेली भरती हेही एक कारण आहे. म्हणजे हे खलाशांचे रडगाणे नव्हते, सरकारनेच नेमलेल्या आयोगाचे म्हणणे आहे.

एक गोष्ट मला हे वाचताना प्रथम कळली, ती इथे सांगून टाकतो. आपण ज्याला 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणतो, जिथे दहावी-बारावी झाली की गोव्यातला प्रत्येक मुलगा-मुलगी नाव घालून यायची, ती व्यवस्था १९४५ च्या जुलैमध्ये सुरू झाली ती मुळात युद्धातून सुटलेल्या शिपायांना नागरी नोकऱ्या मिळाव्यात म्हणून. सर्वांसाठी ती पुढे १९४८ च्या सुमारास खुली झाली. म्हणजे रांगेत पहिला उभा होता तो सैनिक. पण सुटून येणारी माणसे लाखांनी, आणि युद्धाची कंत्राटे थांबल्याने कारखान्यांतली कामे उलट कमी झालेली. गणित जमणार कसे?

दत्त आणि त्यांचे मित्र याच बराकीत, याच गर्दीत होते. त्यांचा एक मित्र मलायाहून आला, येताना आझाद हिंद सेनेची कागदपत्रे आणि हकिकती घेऊन आला. दिल्लीला लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला चालू होता, देश पेटलेला होता. ज्या जपानबरोबर आपण लढलो त्याच जपानच्या बाजूला आपलीच माणसे होती, आणि देश त्यांना वीर म्हणतो आहे. मग आपण कोण? हा प्रश्न त्या पोरांना किती टोचला असेल! १ डिसेंबर १९४५ ला नौदल दिन होता, 'तलवार' बाहेरच्या लोकांना बघायला खुली ठेवायची होती. त्या दिवशी सकाळी परेडच्या मैदानावर जळलेली निशाणे, डोलकाठीवर झाडू आणि बादल्या, आणि भिंतीवर साम्राज्याविरुद्ध घोषणा! कोणी केले ते सापडले नाही. पुढे दोन महिने ही लपाछपी चालली आणि २ फेब्रुवारीला दत्त सापडले.

मधल्या काळात 'तलवार'वर कमांडर किंग नावाचा नवा अधिकारी आला होता. त्याने ८ फेब्रुवारीला खलाशांना आईवरून आणि 'कुली', 'जंगली' अशा शिव्या घातल्या. तक्रार केली, तर तक्रारीची दाद लागेना. १७ च्या रात्री जेवण नाकारले गेले आणि १८ च्या सकाळी घोषणा झाली, अन्न नाही तर काम नाही.

त्या पाच दिवसांची हकिकत मी भरभर सांगतो, तिच्यावर पुस्तके आहेत. संदेश पाठवणे हाच या पोरांचा धंदा, त्यामुळे बातमी बिनतारी यंत्रांवरूनच जहाजाजहाजांवर, कराचीपासून कलकत्त्यापर्यंत गेली. शेवटी ७८ जहाजे आणि किनाऱ्यावरचे तळ मिळून वीस हजारांवर खलाशी संपात उतरले. जहाजांवरची इंग्रजी निशाणे उतरली आणि काँग्रेस, मुस्लिम लीग, कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. सिग्नलमन एम. एस. खान अध्यक्ष आणि टेलिग्राफिस्ट मदनसिंग उपाध्यक्ष अशी संप समिती निवडली गेली. एक मुसलमान, एक शीख. दीड वर्षाने याच देशात काय झाले ते आठवले की ही दोन नावे शेजारी शेजारी वाचताना पोटात कालवते.

त्यांच्या मागण्यांची यादी बघण्यासारखी आहे. आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा, किंगवर कारवाई करा, या मागण्या आहेतच. पण त्याच कागदावर चांगले जेवण, गोऱ्यांइतका पगार, आणि लवकर सुटका व सुटल्यावर नोकरी हेही आहे. काही इतिहासकार म्हणतात बंड राजकीय होते, काही म्हणतात पोटाचे होते. मला हा वादच खोटा वाटतो. भातातला खडा दाताखाली आला की तो कोणी टाकला हे माणूस विचारणारच, आणि उत्तर 'साम्राज्य' असेल तर त्याला राजकारण म्हणा नाहीतर भूक म्हणा.

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्सला गोळीबार झाला. बाहेर पहारा मराठा पलटणीचा होता. आत हिंदी खलाशी, बाहेर मराठी जवान. नंतर गोरी पलटण आणून उभी केली. नौदलप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल जॉन गॉडफ्री यांनी रेडिओवरून बजावले की नौदल नष्ट करावे लागले तरी बेहत्तर, सरकार नमणार नाही. (हेच गॉडफ्री युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्याचे प्रमुख होते आणि इयान फ्लेमिंग हा त्यांचा मदतनीस. जेम्स बाँडच्या गोष्टींतला 'एम' त्यांच्यावरूनच घेतला असे म्हणतात. आपल्या खलाशांना बाँडच्या साहेबानेच दम दिला म्हणायचे!) गेटवेपाशी मुंबईची माणसे डबे घेऊन आली. उपहारगृहवाल्यांनी पैसे न घेता अन्न दिले. २२ तारखेला गिरणगाव बंद होते. लष्कराने रस्त्यावर गोळ्या चालवल्या, परळला कमल दोंदे ही कामगार चळवळीतली बाई त्यात गेली. सरकारी हिशेबानेच दोनशेहून अधिक माणसे त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत मेली. एवढ्या लोकांनी खलाशांसाठी जीव दिला, आणि त्या हुतात्म्यांची नावे आज आपल्याला पाठ नाहीत.

पुढाऱ्यांत मात्र अरुणा असफअली यांच्यासारखा एखादा अपवाद सोडला तर कोणी पाठीशी उभे राहिले नाही. वल्लभभाई पटेल मुंबईत होते. त्यांनी निरोप दिला, शस्त्रे खाली ठेवा, कोणावर सूड उगवला जाणार नाही याची काळजी आम्ही घेऊ. जिनांनीही तसेच आवाहन केले. २३ फेब्रुवारीच्या सकाळी संप संपला. पटेलांचे चुकले असे मी म्हणणार नाही. स्वातंत्र्य दाराशी आलेले असताना सैन्यातली शिस्त मोडू देणे त्यांना परवडणारे नव्हते, ते उद्याचे सरकार चालवण्याचा विचार करत होते. पण शब्द दिला होता तो पाळला गेला नाही, हेही खरेच.

धरपकड झाली. शेकडो खलाशी मुलुंडच्या छावणीत आणि इतरत्र ठेवले गेले. न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्यात न्यायमूर्ती मेहेरचंद महाजनही होते, जे पुढे स्वतंत्र भारताचे सरन्यायाधीश झाले. आयोगाने खलाशांच्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या ठरवल्या. तक्रारी खऱ्या आणि तक्रारदार बडतर्फ! कित्येकांच्या कागदावर एवढेच, 'सेवेची आवश्यकता उरली नाही.' पाच वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाला अशा एका ओळीचा कागद देऊन आगगाडीत बसवले की त्याचे नागरी आयुष्य सुरू!

कल्पना करा हा कागद घेऊन तो पोरगा कोणत्या दारात उभा राहणार. रेल्वेत? तारखात्यात? यंत्र हाताळायला तो तयार, पण सरकारी नोकरीत मागच्या नोकरीचा दाखला विचारतात. कारखान्यात साहेब अजून इंग्रज. गावात म्हणतील, लढाईवर गेला होता आणि हाकलून दिला. १५ ऑगस्ट १९४७ आला, झेंडा बदलला. स्वाभाविकपणे त्यांना वाटले असणार, आता तरी बोलावणे येईल. आले नाही. भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही, पाकिस्तानच्याही नाही. दोन देशांचे एवढ्या लवकर एकमत झालेले दुसरे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

सरकारची बाजूही मला दिसते. कोणतेही नवे सरकार असेच म्हणाले असते की आज इंग्रजांविरुद्ध उठले, उद्या आमच्याविरुद्ध उठतील. पण इंग्रजांच्या हुकमाने त्याच खलाशांवर बंदुका रोखणारे नोकरीत राहिले, त्यांच्या सेवेची वर्षे धरली गेली, बढत्या झाल्या, निवृत्तिवेतने झाली. सर्व्हिस बुकात खंड पडला नाही. हे कोणी कट करून केले असे नाही. फाइल अशीच चालते. जो नियमात बसतो तो पुढे जातो, आणि नियम कोणी कोणासाठी केला होता हे विचारायची जागा फॉर्ममध्ये नसते.

दत्त यांचे त्यातल्या त्यात बरे झाले म्हणायचे. ते बडतर्फ होऊन मुंबई सोडून गेले आणि परत मुंबईलाच आले. एस. सदानंद यांच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये त्यांना काम मिळाले. हे सदानंद म्हणजे आपल्याकडे मराठी 'नवशक्ती' चालवणारेही तेच. संपाच्या दिवसांत 'फ्री प्रेस'ने खलाशांची बाजू उचलून धरली होती, तेव्हा तिथले दार उघडले यात नवल नाही. त्या वर्तमानपत्राच्या कचेरीने अशी कितीतरी माणसे सांभाळली. आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे हे दोघे व्यंगचित्रकार पुढे तिथेच शेजारी बसून काम करत होते. दत्त पत्रकार झाले, मग जाहिरातीच्या क्षेत्रात गेले. संदेश पोचवण्याचाच धंदा म्हणा ना, फक्त यंत्र बदलले.

पण सगळ्यांनाच लिहिता येत नव्हते आणि सगळ्यांना सदानंद भेटले नाहीत.

दत्तांनी आपली हकिकत लगेच लिहिली नाही, हे मला फार लक्षणीय वाटते. 'म्यूटिनी ऑफ द इनोसन्ट्स' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले ते १९७१ मध्ये, म्हणजे 'तलवार'च्या त्या सकाळनंतर तब्बल पंचवीस वर्षांनी. ते लेखणीवर पोट भरणारे होते, मुंबईत होते, छापखाने ओळखीचे होते, तरी पंचवीस वर्षे गेली. त्याआधी १९६५ मध्ये कलकत्त्याला उत्पल दत्त यांनी मिनर्व्हा थिएटरात 'कल्लोल' नाटक केले ते याच उठावावर, आणि त्याने राज्यकर्त्यांना चांगलीच मिरची लागली. पुस्तकाच्या नावातला 'इनोसन्ट्स' हा शब्द बघा. निष्पाप म्हणा, भोळे म्हणा. दोन्ही अर्थ त्यात आहेत आणि मला वाटते त्यांना दोन्ही हवे होते.

१९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली आणि तिच्या मान्य चळवळींच्या यादीत १९४६ चा नौदल उठाव आहे. उशिरा का होईना, बडतर्फीचा जुना कागद आता अर्जाला जोडायचा पुरावा झाला! ज्या कागदाने सगळी दारे बंद केली तोच आता जपून ठेवलेला असला तर पैसे. पण सव्वीस वर्षे असा कागद कोण जपून ठेवतो? आपल्याकडेही गोवा मुक्तिसंग्रामातल्या माणसांचे दाखल्यांवाचून किती अडले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्लेल्या माणसाने पोर्तुगीज पोलिसांकडूनच दाखला आणायचा, असला तो मामला.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. संप मोडल्यानंतर चारच महिन्यांनी, १८ जून १९४६ ला, डॉ. राममनोहर लोहिया मडगावला उभे राहिले. त्या वर्षीच्या हवेतच काहीतरी होते. आणि पंधरा वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ ला, भारताचे नौदल गोव्याच्या पाण्यात आले. अंजदीव बेटावर 'त्रिशूल'ने उतरवलेल्या तुकडीतले सात नौसैनिक पडले. त्या 'त्रिशूल'च्याच बनावटीचे जोडीचे जहाज आपल्या ताफ्यात होते, आणि त्याचे नाव होते 'तलवार'. नाव नौदलाने जपले होते, खलाशी तेवढे घेतले नव्हते. १९६१ ला नौदलाचे प्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल कटारी, त्यांचीही कारकीर्द महायुद्धातल्या त्याच जुन्या नौदलात घडलेली. सरळ वाट धरलेला एक अधिकारी नौदलप्रमुख होतो आणि वाट सोडलेला एक टेलिग्राफिस्ट जाहिराती करतो. दोघांनीही देशाचेच काम केले असे मी मानतो, पण मुक्त गोव्यात राहणारा माणूस म्हणून पहिल्याचे उपकार आपण दरवर्षी डिसेंबरात आठवतो आणि दुसऱ्याचे नाव आपल्याला माहीतही नसते.

नौदलाने पुढे ही चूक थोडीफार दुरुस्त केली. आपल्या दोन टग बोटींना त्यांनी 'बी. सी. दत्त' आणि 'मदनसिंग' अशी नावे दिली. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढून धक्क्याला लावणारी किंवा धक्क्यातून बाहेर काढणारी दांडगी होडी. मुरगावला आपण रोज बघतो. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिल्लीला नौदलाच्या चित्ररथावर या उठावाचा देखावा होता. म्हणजे ज्यांना परत घेतले नाही त्यांची आठवण छाती काढून मिरवण्याइतका काळ मध्ये गेला होता. तोवर ती माणसे राहिली होती कुठे, हा भाग वेगळा.

मुंबईत कुलाब्याला, कूपरेजजवळ, २००१ मध्ये या उठावाचे स्मारकही झाले आहे. जहाजाच्या सुकाणूच्या चाकाशी उभा खलाशी. मुंबईला गेलात तर मंत्रालयाकडून चालत दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता आहे. आजूबाजूला मैदानावर पोरे फुटबॉल खेळत असतात, बस थांबतात, कोणी वर बघत नाही.